पेटी देवगडची

पहाटे साडेतीन. तुर्भ्याच्या फळबाजारात या वेळी झोपलेला माणूस शोधून सापडायचा नाही. देवगडच्या हापूसचा ट्रक रात्रभर धावून आमच्या गाळ्याला लागलाय, माथाडींची टोळी पेट्या उतरवतेय. मी मेहता. मोजायचं आणि लिहायचं. लाकडी पेटी, वर बागायतदाराच्या नावाचा छापा, आत पेंढा.

साडेचार. समोरच्या गाळ्यावर कर्नाटकचा माल उतरला. क्रेट, तळाला कानडी वर्तमानपत्रं. जात तीच, रंगही डोळ्याला फसवणारा. पण साल जाड लागते आणि कापला की गर केशरी नाही, पिवळा. वाईट आंबा नाही तो. तिकडच्या शेतकऱ्यानेही घामच गाळलाय. स्वतःच्या नावाने विकला तर कुणाचं काय बिघडतं?

सहा. रुमालाखाली हात गेले, बोटं दाबून भाव ठरले. बिलावर देवगडला देवगड, कर्नाटकला कर्नाटक असंच लिहितात. परराज्यातला आंबा देवगड म्हणून विकू नका, अशी परिपत्रकं बाजार समितीने काढलेली आहेतच. आंब्याचं दुसरं बारसं होतं ते बहुतेक गेटाबाहेर.

नऊ. चहा, वडापाव.

साडेदहा. एक ओळखीचा फेरीवाला आला. याला आंबे नकोत, रिकाम्या पेट्या हव्यात. "छापा स्पष्ट असलेल्या द्या, मेहता." फुटक्या फळ्यांच्या पेटीलाही, छापा चांगला असेल तर, हा जास्त पैसे देतो. रद्दीही मराठीच लागते त्याला, कानडी कागद चालत नाही. मी म्हटलं, "शेठला विचार." शेठने हाकलून दिलं. तो पलीकडच्या गल्लीत गेला आणि अर्ध्या तासात हातगाडी भरून परतला.

कायदा नाही असं नाही. 2018 साली रत्नागिरी, सिंधुदुर्ग, रायगड, ठाणे आणि पालघरच्या हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं. 1999च्या कायद्याने खोटं मानांकन लावणाऱ्याला 6 महिने ते 3 वर्षं कैद आणि 50 हजार ते 2 लाख रुपये दंड. पण हातगाडीवरच्या पेटीचा पंचनामा कोण करणार?

दुपारी एक. देवगडच्या एका बागायतदाराचा फोन. आवाज चढलेला. त्याच्या नावाची पेटी दादरला कुणीतरी पाहिली, आणि यंदा त्याचा माल दादरला गेलेलाच नाही. 2025 साली तिकडच्या आंबा उत्पादक संस्थेने प्रत्येक फळावर लावायचा स्टिकर आणला. किती स्टिकर द्यायचे ते झाडांवरून ठरतं. स्टिकरचा फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला की स्टिकरमागे लपलेला आकडा विचारतात. खरा असेल तर बागेचा पत्ता लागतो. "स्टिकर मी लावतो हो," तो म्हणाला, "पण गिऱ्हाईक पेटीच बघतं." मी हो हो म्हटलं. छाप्याच्या पेट्या कशा फिरतात, ते मात्र त्याला सांगितलं नाही.

तीन. हिशोबपट्टी पुरी. पाठ धरली.

सात. कोपरखैरणे. शेजारच्या वहिनी ताट घेऊन दारात. "भाऊजी, तुम्ही बाजारातले. बघा बरं, देवगडच आहे ना? दुकानदाराने पेटी दाखवली, छापासुद्धा होता. दोन डझन घेतले, पाहुणे आलेत."

फोड उचलली. गर पिवळा. सालीवर स्टिकर नाही. आतून पाहुण्यांचं हसणं ऐकू येत होतं.

"गोड आहे ना, वहिनी? मग खा."


त्या खूश होऊन गेल्या.