फोडलेल्या समाधीचे चिरे
डोंगराआडची चर्चं : भाग ४

पॅरिश म्हणजे एक चर्च, त्याचा पाद्री आणि त्याच्या हद्दीतली वस्ती, हे गेल्या भागात पाहिलं. आता अशी एक पॅरिश जवळून बघू.

वेल्सच्या पोविस परगण्यात, बेर्विन डोंगरांमध्ये तानाट नदीचं खोरं आहे. लानगनॉग गावातून एक अरुंद रस्ता तीनेक किलोमीटर आत जातो आणि डोंगरापाशी संपतो. तिथे पेनांट मेलांगेल. चर्च, चार शेतघरं आणि मेंढ्या, एवढाच पसारा. चर्चचं आवार गोलसर, भोवती यूचे अवाढव्य जुने वृक्ष. त्यांचं वय २००० वर्षांच्या घरात असावं, असा अंदाज सांगतात. आवारातल्या उत्खननात कांस्ययुगीन दहनाच्या खुणा मिळाल्या. म्हणजे ख्रिस्ती धर्म इथे पोचण्याच्या कितीतरी आधीपासून लोक आपल्या मृतांना याच जागी आणत होते.

आख्यायिका सांगते ती इ.स. ६०४ मधली गोष्ट. पोविसचा राजा ब्रॉखवेल शिकारीला आला. कुत्र्यांनी पिटाळलेला ससा झुडपांत प्रार्थना करत बसलेल्या एका तरुणीच्या झग्याआड शिरला. कुत्री पुढे सरकेनात. ही मेलांगेल, लग्न टाळण्यासाठी आयर्लंडहून पळून आलेली राजकन्या. राजाने ते खोरंच तिला आश्रयस्थान म्हणून देऊन टाकलं. कथा कागदावर उतरली ती कित्येक शतकांनी, पण तिचा धाक खरा होता. आपल्याकडे देवराईतली काटकीसुद्धा कुणी तोडत नाही, तसं या पॅरिशमध्ये सशाला कुणी हात लावत नसे. ससे म्हणजे ‘मेलांगेलची कोकरं’.

बाराव्या शतकात इथे दगडी चर्च उभं राहिलं आणि आत संत मेलांगेलची समाधी: खांबांवर पेललेली, उतरत्या छपराची, पानावेलींच्या कोरीवकामाची. यात्रेकरू येऊ लागले. पुढे आठव्या हेन्रीच्या काळात धर्मसुधारणेची लाट आली, देशभर संतांच्या समाध्या फोडल्या गेल्या. ही समाधीही सुटली नाही.

पण घडवलेला चिरा फुकट घालवणं अशा गावाला परवडत नाही. समाधीचे तुकडे चर्चच्या भिंतींत आणि आवाराच्या छपरी दरवाजात बांधकामाचे दगड म्हणून बसवले गेले. तिथे ते चारशे वर्षं राहिले. १९५८ साली ते काढून समाधी पुन्हा जुळवली. त्यानंतर पॅरिशची वस्ती घटत गेली, इमारत खचली आणि चर्च राहतं की जातं अशी वेळ आली. १९८८ ते १९९२ या काळात मोठी डागडुजी झाली. पूर्वेकडचा अर्धगोल भाग बाराव्या शतकातल्या पायावरच नव्याने उभारला गेला आणि समाधीची जुळणी आणखी नेटकी झाली. पंधराव्या शतकातला ओकचा कोरीव पडदा आजही तिथे आहे. त्यावर नीट पाहिलं, की मेलांगेल, राजा आणि मधला ससा ओळखू येतो.

इथला इतिहास टिकला तो श्रीमंतीने नव्हे, काटकसरीने. सधन पॅरिशांनी जुनं पाडून नवं बांधलं. पेनांटने तेच दगड पुन्हा वापरले, म्हणूनच समाधी परत जुळवता आली.

पुढच्या भागात शेजारचं लानरायाडर. तिथला पाद्री विल्यम मॉर्गन याने केलेलं बायबलचं संपूर्ण वेल्श भाषांतर १५८८ साली छापलं गेलं.