शहानिशा कशी होते

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याचा आठवडी बाजार भरला होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली पाच माणसे तिथे आली होती. गावोगाव फिरून भिक्षा मागणे हे या समाजाचे पिढ्यान्‌पिढ्यांचे जगणे. मुले पळवणारी टोळी आल्याची अफवा त्या भागात मोबाइलवरून आधीच पसरली होती. जमावाने या पाच जणांना पकडले, ग्रामपंचायतीच्या कार्यालयात कोंडले आणि जिवे मारले.

त्या वर्षी अशा अफवांसोबत देशभर एक व्हिडिओ फिरत होता. गल्लीत मुले क्रिकेट खेळत आहेत. मोटारसायकलवरून दोघे येतात, एका लहानग्याला उचलतात आणि भरधाव निघून जातात. पाहणाऱ्याच्या काळजाचा ठोका चुकावा असाच तो होता. त्याची शहानिशा कशी झाली हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण माध्यमांवरच्या विश्वासाचा प्रश्न तिथेच येऊन ठेपतो. ‘आमच्यावर विश्वास ठेवा’ असे सांगून आज कोणी विश्वास ठेवत नाही. ठेवूही नये. बातमी कशी तपासली हे दाखवले आणि वाचकाला तीच वाट चालून पाहता आली, तरच तो परत येण्याची आशा आहे.

पडताळणी करणारा पत्रकार आधी व्हिडिओची स्थिरचित्रे करतो. ‘इन्व्हिड’सारखे मोफत साधन हे काम काही क्षणांत करते. मग त्यातली स्पष्ट चित्रे गूगल, यांडेक्स किंवा टिनआय यांच्या चित्रशोधात टाकून तेच दृश्य इंटरनेटवर आधी कुठे येऊन गेले आहे ते पाहायचे. व्हॉट्सॲपवरून आलेल्या फाइलला छायाचित्राची तारीख किंवा ठिकाण विचारून उपयोग नसतो. पाठवतानाच ती माहिती गळून जाते. म्हणून शोध घ्यायचा तो सर्वांत जुन्या प्रतीचा. या व्हिडिओची जुनी प्रत सापडली, आणि ती लांबीने मोठी निघाली. त्यात ते दोघे वळून परत येतात, मुलाला खाली उतरवतात आणि कॅमेऱ्यासमोर एक फलक उघडतात. कराचीच्या रस्त्यावरून मूल पळवायला एक क्षण पुरतो, अशा आशयाचा. ‘रोशनी हेल्पलाइन’ या पाकिस्तानी संस्थेसाठी केलेली ती जनजागृतीची जाहिरात होती. कोणीतरी शेवट कापला आणि पालकांना सावध करणारी चित्रफीत माणसे मारायला कारण ठरली.

जुनी प्रत प्रत्येक वेळी सापडतेच असे नाही. मग दुकानांच्या पाट्या कोणत्या लिपीत आहेत, गाडीच्या नंबरप्लेटवर कोणती अक्षरे आहेत, पोलिसांचा गणवेश कुठला, मागची टेकडी किंवा पाण्याची टाकी उपग्रह नकाशात कुठे दिसते, हे धुंडाळावे लागते. आणि शेवटी फोन: संबंधित पोलीस ठाण्याला, तिथल्या वार्ताहराला, चित्रीकरण करणाऱ्याला. ही पायरी कुठल्याही यंत्राला जमत नाही. घाईच्या डेस्कवर वगळली जाते तीही हीच.

निष्कर्ष लिहिताना मुळाचे दुवे द्यायचे आणि मूळ मजकूर पुसला जाण्याआधी त्याची प्रत जपून ठेवायची. इंटरनॅशनल फॅक्ट-चेकिंग नेटवर्क ही २०१५ साली सुरू झालेली संघटना. तिच्या आचारसंहितेत निःपक्षपात, स्रोत उघड करणे, पैसा कुठून येतो ते सांगणे, पद्धत खुली ठेवणे आणि स्वतःच्या चुका उघडपणे सुधारणे ही तत्त्वे आहेत. पैशाचे कलम मला फार मोलाचे वाटते. तपासणाऱ्याला पोसतो कोण, हे विचारण्याचा वाचकाला पुरेपूर हक्क आहे.

तपासणारा कोण असावा, हा वाद आपल्याकडे न्यायालयातही गेला. २०२३ साली केंद्राने माहिती तंत्रज्ञान नियमांत बदल करून, सरकारी कारभाराविषयीची कोणती माहिती खोटी हे सरकारच्याच कक्षाने ठरवण्याची तरतूद केली. मुंबई उच्च न्यायालयात जानेवारी २०२४ मध्ये दोन न्यायमूर्तींची मते वेगळी पडली; सप्टेंबरमध्ये तिसरे न्यायमूर्ती अतुल चांदूरकर यांच्या मतानंतर ती तरतूद रद्द झाली. आरोपीनेच निकालपत्र लिहिण्यासारखी ती व्यवस्था होती, आणि ती गेली हे चांगले झाले.

वृत्तपत्राने स्वतःच केलेल्या चुकीचे काय? पहिल्या पानावरचा मथळा चुकतो आणि दुरुस्ती आठवडाभराने आतल्या पानावर, बोटभर चौकटीत येते. संकेतस्थळावर तर मथळा गुपचूप बदलला जातो. वाचकाला हे कळते, आणि तो मनात नोंद ठेवतो. चांगल्या दुरुस्तीत काय चुकले, बरोबर काय आणि बदल कधी केला, हे तिन्ही लेखाच्या वरच्या बाजूला लिहिलेले असते. त्यासाठी काही वृत्तपत्रांनी ‘वाचक-संपादक’ नेमले: लंडनच्या ‘गार्डियन’ने १९९७ साली, आपल्याकडे ‘द हिंदू’ने २००६ साली. हा माणूस वाचकांच्या तक्रारी ऐकतो, वार्ताहराकडे खुलासा मागतो आणि आपल्याच पत्राविरुद्धचा निष्कर्षही छापतो. ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने असे पद २०१७ मध्ये बंद केले, समाजमाध्यमांवरचे वाचकच आता पहारा देतात, असे कारण दिले. मला ते पटत नाही. गर्दी जाब विचारू शकते, पण वार्ताहराची वही उघडून पाहू शकत नाही.

उरतो प्रश्न दुरुस्ती पोहोचवण्याचा, आणि तो सर्वांत अवघड आहे. व्हॉट्सॲपचे संदेश कूटबद्ध असल्याने कंपनीलाही आतला मजकूर वाचता येत नाही. तिच्या हातात होता तो वेगाला लगाम. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात भारतात एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करण्याची मर्यादा आली. एप्रिल २०२० पासून पाच किंवा अधिक हातांतून आलेला, दुहेरी बाणाचा संदेश एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येतो. त्यानंतर असे संदेश सुमारे ७० टक्क्यांनी घटल्याचे कंपनीने सांगितले.

पण वेग कमी झाला म्हणून अफवेमागून खुलासा त्याच गटात जात नाही. त्यासाठी पडताळणी संस्थांनी व्हॉट्सॲप क्रमांक ठेवले आहेत. शंका वाटणारा संदेश तिथे पाठवायचा. तो आधी तपासलेला असेल तर उत्तर लगेच येते, नसेल तर तपासणाऱ्यांच्या यादीत जातो. उत्तर मात्र विचारणाऱ्या एकट्याच्या फोनवर येते. ज्या गटात अफवा आली, तिथे ते त्यानेच टाकावे लागते: काकांनी पाठवलेल्या व्हिडिओखाली, काकांचा मान राखून, आणि संपूर्ण चित्रफितीच्या दुव्यासह.