‘हायपरसोनिक’ शब्दाचे उज्जैनशी नाते

ओडिशाच्या किनाऱ्याजवळील डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम बेटावरून १६ नोव्हेंबर २०२४ रोजी दीर्घ पल्ल्याच्या ‘हायपरसोनिक’ क्षेपणास्त्राची चाचणी झाली. तेव्हापासून हा शब्द मराठी बातम्यांत वरचेवर दिसतो. कधी कधी तो ‘ब्राह्मोस’लाही लावला जातो, ते मात्र योग्य नव्हे. सध्याचे ब्राह्मोस ध्वनीच्या सुमारे तिप्पट वेगाने जाते, म्हणून ते ‘सुपरसोनिक’, म्हणजेच स्वनातीत. ‘हायपरसोनिक’साठी पाचपट वेग लागतो. साधारण तापमानाच्या हवेत ध्वनीचा वेग ताशी १,२३५ किलोमीटरच्या आसपास असतो. त्याच्या पाचपट वेगाने पणजीहून निघालेली वस्तू उज्जैनचे सुमारे ८७५ किलोमीटरचे सरळ अंतर नऊ मिनिटांच्या आत कापील.

गंमत अशी, की व्युत्पत्तीने दोन्ही शब्द एकच आहेत. ग्रीक ‘हायपर’ आणि लॅटिन ‘सुपर’ या दोहोंचा अर्थ ‘वर, पलीकडे’. दोन्ही संस्कृत ‘उपरि’ची भावंडे. ‘सोनिक’मधील लॅटिन ‘सोनस’ म्हणजे आपला ‘स्वन’. विक्रमादित्याच्या उज्जयिनीतील नवरत्नांपैकी एक अशी परंपरेने ख्याती असलेल्या अमरसिंहाने ‘अमरकोशा’त ध्वनीच्या पर्यायांमध्ये ‘स्वन’ नोंदवला आहे. अमरकोश पाठ करणाऱ्या पिढ्यांना हा परका शब्द अर्धाअधिक ओळखीचाच वाटला असता!

मग एकाच अर्थाचे दोन शब्द कशाला? १९४६ साली अमेरिकेत काम करणारे चिनी शास्त्रज्ञ च्येन श्वे-सेन यांनी अतिवेगवान वायुप्रवाहावरील निबंधात ‘हायपरसोनिक’ ही संज्ञा वापरली आणि ती रुळली. पुढे हेच च्येन चीनच्या क्षेपणास्त्र कार्यक्रमाचे शिल्पकार ठरले. वेगळ्या संज्ञेची गरज खरी होती. या वेगाला आघात-तरंग वस्तूच्या पृष्ठभागालगत येतो, हवा प्रचंड तापते आणि वेग आणखी वाढला की तिचे रेणूही फुटू लागतात. तेथे स्वनातीत विमानांची सोपी गणिते पुरत नाहीत. हा बदल हळूहळू होतो. त्यामुळे पाचपट ही निसर्गाने आखलेली रेघ नसून सोयीसाठी मानलेली मर्यादा आहे.

मराठीत यासाठी ‘अतिस्वनातीत’ म्हणता येईल. उच्चाराला शब्द जड आहे खरा, पण ‘स्वनातीत’पासूनचा फरक तो स्पष्ट राखतो.