कर्तृत्वाच्या गाठीला काय होतं?

नेरळहून माथेरानला चढणारी छोटी गाडी १९०७ मध्ये सुरू झाली. ती उभी केली अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी. पैसे घातले त्यांच्या वडिलांनी, सर आदमजी पीरभॉय यांनी. खर्चाचा आकडा सांगितला जातो सोळा लाख रुपयांचा. मग या गाडीचं श्रेय मुलाच्या जिद्दीला द्यायचं की बापाच्या तिजोरीला?

आज हाच प्रश्न सॉफ्टवेअर कंपन्या काढून मोठ्या झालेल्या माणसांबद्दल विचारला जातो. एक बाजू म्हणते, यांनी शून्यातून विश्व उभारलं. दुसरी म्हणते, घरचं सगळं आयतं होतं, यात कसलं आलंय कर्तृत्व? मला दोन्ही बोलणी अपुरी वाटतात, कारण नेमकं काय आयतं होतं आणि काय कमावलेलं, हे माणसागणिक तपासायचे कष्ट दोन्हीकडे फारसं कुणी घेत नाही. कर्जत-माथेरानसारख्या भागातल्या मुलांसाठी हा प्रश्न नुसत्या वादाचा नाही. त्यांच्या वाट्याला काय येणार, ते त्याच्या उत्तरावर ठरतं.

माथेरानच्या गाडीचा हिशेब

ठाण्याचे कलेक्टर ह्यू मॅलेट १८५० मध्ये हा डोंगर चढले आणि हवा खायला येणाऱ्यांना माथेरान ठाऊक झालं. पुढची पन्नासेक वर्षं लोक घोड्यावरून, पालखीतून नाहीतर पायी वर येत राहिले. अब्दुल हुसेन यांनी १९०० च्या सुमारास रेल्वेचा आराखडा केला आणि १९०४ मध्ये काम सुरू झालं. रुळांमधलं अंतर दोन फूट, मार्ग सुमारे एकवीस किलोमीटरचा, आणि चढ असा की काही ठिकाणी वीस फूट पुढे गेलं की गाडी एक फूट वर जाते. सल्लागार अभियंता म्हणून त्यांनी एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांना नेमलं. बार्शी लाइट रेल्वे उभी करणारे ते हेच. इंजिनं जर्मनीतल्या ऑरेनस्टाइन अँड कॉपेल कंपनीची. अवघड वळणावर चाकांचा आस थोडा सरकावा, अशी त्यांची रचना होती. ती नसती तर या घाटात गाडी वळलीच नसती.

यात अब्दुल हुसेन यांची बुद्धी उघड दिसते. योग्य माणूस हेरणं, योग्य यंत्र निवडणं आणि वर्षानुवर्षं एका कामाला चिकटून राहणं ज्याला त्याला जमत नाही. पण आराखड्यापासून पहिल्या तिकिटापर्यंत सुमारे सात वर्षं गेली. एवढा काळ या कामातून एक पैसाही न येता ज्याचं घर चालतं, तोच ते हाती घेऊ शकतो. नेरळमधल्या एखाद्या घोडेवाल्याला हीच कल्पना सुचली असती, तरी ती त्याच्याजवळच राहिली असती.

आता वडिलांकडे पाहू. आदमजी मूळचे सौराष्ट्रातल्या धोराजीचे, घरची गरिबी. पोरवयात त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर काड्यापेट्या विकल्या, असं सांगतात. पुढे लष्कराला तंबू आणि बूट पुरवण्याच्या कंत्राटांवर ते मोठे झाले, १८९७ मध्ये मुंबईचे शेरीफ झाले. बापाने जे कर्तृत्वावर मिळवलं, तेच मुलाला पाठबळ म्हणून मिळालं. एकाच घरात, एका पिढीच्या अंतरावर, दोन्ही गोष्टी उभ्या आहेत. म्हणून कुणाच्याही यशाची चर्चा करताना मी आधी विचारतो, आपण कोणत्या पिढीबद्दल बोलतोय? आणि ज्यांनी या गाडीसाठी कातळ फोडला त्या मजुरांचं काय? त्यांची कमाई पुढच्या पिढीचं पाठबळ होण्याइतकी कधीच नव्हती.

पाठबळ म्हणजे नुसता पैसा नव्हे

सॉफ्टवेअरच्या धंद्यात कारखाना लागत नाही, एक संगणक पुरतो, म्हणून इथे सगळे सारखेच, असा एक समज आहे. खरं तर या धंद्यात पैशापेक्षा तीन गोष्टी जास्त कामाला येतात: यंत्राला लवकर हात लागणं, बुडालो तरी घर चालेल ही खात्री, आणि दार उघडून देणारी ओळख.

बिल गेट्स यांचं उदाहरण जगभर दिलं जातं. सिअ‍ॅटलच्या लेकसाइड या खासगी शाळेत १९६८ मध्ये संगणकाला जोडलेलं टर्मिनल आलं, तेही मुलांच्या आयांनी जुन्या वस्तूंची विक्री करून जमवलेल्या पैशातून. तेव्हा अमेरिकेतही फार थोड्या शाळांत असं काही होतं. पुढे आयबीएमशी करार झाला तेव्हा गेट्स यांच्या आई मेरी आणि आयबीएमचे जॉन ओपेल हे युनायटेड वे या संस्थेच्या मंडळावर एकत्र होते. लेकसाइडच्या त्या टर्मिनलवर आणखीही मुलं बसायची, त्या सगळ्यांनी मायक्रोसॉफ्ट काढली नाही. पण ज्या शाळेत टर्मिनलच नव्हतं, तिथल्या मुलाला आपल्याला हे जमतं की नाही, तेसुद्धा कळलं नाही.

पुण्यातली दोन घरं

आपल्याकडे याहून चांगली जोडी पुण्यात आहे.

पर्सिस्टंट सिस्टिम्सचे आनंद देशपांडे भोपाळच्या भेल वसाहतीत वाढले. आयआयटी खरगपूरची पदवी, अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात डेटाबेस विषयात पीएचडी, मग ह्युलेट-पॅकार्डच्या प्रयोगशाळेत नोकरी. १९९० मध्ये ते परत आले आणि पुण्यात कंपनी काढली. भेलमधून निवृत्त झालेले वडील सुरुवातीपासून सोबत होते. याला श्रीमंती म्हणता येणार नाही. पण सरकारी कारखान्याच्या वसाहतीत शाळा, दवाखाना, खेळाचं मैदान आणि महिन्याचा ठरलेला पगार असतो, आणि शेजारीपाजारी सगळे इंजिनिअर. आयआयटी नावाची गोष्ट असते, ती कशी गाठायची, हे तिथे मुलाला वेगळं शिकवावं लागत नाही.

क्विक हीलचे कैलाश काटकर साताऱ्याच्या रहिमतपूरचे. दहावीनंतर शिक्षण सुटलं आणि ते पुण्यात कॅल्क्युलेटर-रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात लागले. पुढे स्वतःचं दुरुस्तीचं काम सुरू केलं. या कामासाठी त्यांना बँकांमध्ये जावं लागे आणि तिथेच त्यांनी संगणक पाहिला. आता कॅल्क्युलेटरचे दिवस संपत आले, हे त्यांनी ओळखलं. धाकटा भाऊ संजय याला त्यांनी संगणकशास्त्राकडे वळवलं. दुकानात व्हायरस शिरलेले संगणक दुरुस्तीला यायचे. संजय एकेका व्हायरसचा अभ्यास करून तो काढणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचे. असे बरेच प्रोग्रॅम जमल्यावर ते एकत्र बांधून १९९५ मध्ये क्विक हील बाजारात आलं. २०१० मध्ये सिकोया कॅपिटलने क्विक हीलमध्ये साठ कोटी रुपये गुंतवले आणि २०१६ मध्ये कंपनीचे समभाग शेअर बाजारात आले.

‘दहावी पास माणसाने कोट्यवधींची कंपनी काढली’ अशा मथळ्यांनी ही गोष्ट फिरते. मला त्यातला दुकानाचा भाग सर्वांत मोलाचा वाटतो. बिघडलेली यंत्रं रोज समोर येत होती, ती उघडून पाहायची मुभा होती, आणि एका भावाच्या मिळकतीवर दुसरा शिकत होता. लेकसाइडच्या मुलांना जे शाळेने दिलं, ते काटकरांना दुरुस्तीच्या टेबलाने दिलं. त्यांची हुशारी खरीच, पण तेच दुकान पुण्याऐवजी रहिमतपुरात असतं, तर त्या काळात व्हायरस लागलेले इतके संगणक त्यांच्यापर्यंत आले असते का?

बीड जिल्ह्यातल्या दादासाहेब भगत यांचंही असंच. पुण्यात इन्फोसिसमध्ये ऑफिस बॉयचं काम करताना त्यांनी माणसं संगणकावर बसून कमावताना पाहिली, मग अ‍ॅनिमेशन शिकले आणि पुढे डूग्राफिक्स हे डिझाइनचं सॉफ्टवेअर काढलं. पगार किरकोळ होता, पण जवळून पाहायला मिळालं.

दहा हजार रुपये आणि एक रिकामी खुर्ची

इन्फोसिस १९८१ मध्ये पुण्यात सुरू झाली. संस्थापक सात, सगळे आधी पटनी कॉम्प्युटर सिस्टिम्समध्ये काम केलेले. नारायण मूर्ती शिक्षकाच्या घरातले, त्यामुळे वडिलोपार्जित पैशाचा प्रश्न नव्हता. सुरुवातीचे दहा हजार रुपये सुधा मूर्ती यांनी आपल्या बचतीतून दिले, हे सर्वांना माहीत आहे.

त्यापुढची गोष्ट मात्र कमी सांगितली जाते. सुधाताई बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून शिकलेल्या आणि टेल्कोने घेतलेल्या पहिल्या महिला अभियंता. कंपनी सुरू झाली तेव्हा मिळकत त्यांची होती आणि घर त्या चालवत होत्या. संस्थापकांच्या यादीत मात्र त्या नव्हत्या. पती-पत्नीपैकी एकानेच कंपनीत असावं, असं मूर्तींनी ठरवलं होतं. तो निर्णय चुकीचा होता, असं त्यांनीच बऱ्याच वर्षांनी बोलून दाखवलं.

घर एक, शिक्षण तोडीस तोड, पैसेही तिचेच, आणि तरीही खुर्ची एकालाच. गुणवत्ता असेल तर माणूस वर येतोच, असं म्हणणाऱ्यांनी या एका घराचं उत्तर द्यावं. सातही जणांचे कष्ट मी कमी लेखत नाही. पण त्यांपैकी एकाला बुडण्याची भीती न बाळगता उतरता आलं, ते दुसऱ्या कुणाचा पगार घरात येत होता म्हणून. हे पाठबळ हिशेबाच्या वहीत कुठेच लिहिलेलं नसतं.

मोजून पाहिलं तेव्हा

एकेका माणसाच्या गोष्टीवरून काहीही सिद्ध करता येतं. म्हणून मोठ्या संख्येकडे पाहावं लागतं. अर्थतज्ज्ञ राज चेट्टी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत पेटंट घेणारे कोण, याचा माग काढला. सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतली मुलं संशोधक होण्याचं प्रमाण, मध्यापेक्षा कमी उत्पन्नाच्या घरांतल्या मुलांच्या दहापट निघालं. मग त्यांनी तिसरीतले गणिताचे गुण तपासले. सारखेच उत्तम गुण असलेल्या मुलांतही श्रीमंत घरची मुलं बरीच पुढे गेली होती. आसपास शोध लावणारी माणसं असली, की मूल त्या वाटेला लागण्याची शक्यता वाढते, आणि मुलींच्या बाबतीत शोध लावणाऱ्या स्त्रिया आसपास असल्या की वाढते, हेही त्यांना दिसलं.

रॉस लेव्हिन आणि योना रुबिनस्टाइन यांनी अमेरिकेतल्या कंपन्या काढणाऱ्यांचा अभ्यास केला. त्यांना दोन्ही गोष्टी एकत्र सापडल्या. ही माणसं बुद्धीच्या चाचण्यांत खरोखर वरचढ होती आणि बहुतेक सुस्थितीतल्या, शिकलेल्या घरांतलीही होती.

हे आकडे अमेरिकेचे. आपल्याकडे त्यात जात येते, इंग्रजी येते, आणि कॉलेजची फी येते. १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. त्यातून महाराष्ट्रात इंजिनिअरांची फौज तयार झाली, पण ती आधी फी भरू शकणाऱ्या घरांतून. मला वाटतं, एखाद्या उद्योजकाचं यश किती टक्के त्याचं आणि किती टक्के घरचं, याचं उत्तर कुणालाच देता येणार नाही. कोणत्या वस्त्यांतून एकही उद्योजक आला नाही, हे मात्र मोजता येतं, आणि राग यायचाच तर त्याचा यावा.

डोंगरावर राहणाऱ्यांचं काय?

२०११ च्या जनगणनेनुसार माथेरानची वस्ती साडेचार हजारांच्या आत. पोट पर्यटकांवर: घोडे, हमाली, लॉजिंग, चपला-चिक्कीची दुकानं. मोटारी दस्तुरी नाक्यावर थांबतात आणि पावसाळ्यात नेरळची गाडी बंद असते. ऑगस्ट २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने इथल्या हातरिक्षा सहा महिन्यांत बंद करायला सांगितल्या आणि त्या ओढणाऱ्यांना ई-रिक्षा भाड्याने देण्याची योजना आखा, असं राज्य सरकारला बजावलं. यातला ‘भाड्याने’ हा शब्द मला फार महत्त्वाचा वाटतो. रिक्षा चालवायचं कसब या माणसांकडे आहेच. नाही ते भांडवल. नुसता ‘आता ई-रिक्षा घ्या’ असा आदेश निघाला असता, तर ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी रिक्षा घेतल्या असत्या आणि ओढणारे घरी बसले असते.

हे याच मातीतल्या एका माणसाला फार आधी कळलं होतं. वीर भाई कोतवाल, म्हणजे विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, १९१२ मध्ये माथेरानमध्ये नाभिक कुटुंबात जन्मले. शिकायला पुण्यात आत्याचं घर मिळालं, म्हणून पुढे वकील होता आलं. माथेरान नगरपालिकेचे ते उपाध्यक्ष होते. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडावर इंग्रजांच्या गोळीने ते हुतात्मा झाले, हे सर्वांना ठाऊक आहे. त्याआधी त्यांनी कर्जत भागात शाळा काढल्या आणि शेतकऱ्यांसाठी धान्यकोठार उभं केलं. नडीच्या दिवसांत सावकाराच्या दारात जावं लागू नये, म्हणून. शाळेने मुलाच्या हाती पाटी येते आणि कोठारातल्या धान्यावर घर तग धरतं, म्हणजे ते मूल शाळेतून काढावं लागत नाही. पुण्यातल्या आत्याकडून जे त्यांना मिळालं, तेच त्यांनी तालुक्याला देऊ पाहिलं.

तालुक्यात आत्ता करता येण्यासारखं

कर्जतला कोकण ज्ञानपीठाचं अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तिथली शेवटच्या वर्षाची मुलं दरवर्षी प्रकल्प करतात. माथेरान, नेरळ, कशेळे इथल्या आठवी-नववीच्या मुलामुलींना त्या मुलांशेजारी महिन्यातून एक शनिवार बसवावं. व्याख्यान नको, सत्कार नको. कोड चालत नसताना ताई-दादा काय करतात, कसे वैतागतात, कुठे शोधतात, ते पाहू द्यावं. मुलींसाठी शिकवणाऱ्या बाजूलाही मुली असाव्यात. येण्याजाण्याचं भाडं आणि दुपारचं जेवण संस्थेने किंवा नगरपालिकेने द्यावं, कारण ज्याच्या घरी शनिवार हा पर्यटकांच्या गर्दीचा, कमाईचा दिवस आहे, त्याचं मूल नाहीतर घोड्याचा लगाम धरून दस्तुरीलाच उभं राहील.