प्रयोगशाळेतील उंदराचे घर

नवे औषध माणसाला देण्यापूर्वी त्याची चाचणी अनेकदा उंदरांवर घेतली जाते. हा इवलासा प्राणी आपले सारे आयुष्य प्लॅस्टिकच्या पिंजऱ्यात काढतो. त्याचे स्वास्थ्य त्या पिंजऱ्याच्या निगेवर अवलंबून असते आणि प्रयोगाची विश्वसनीयताही.

ही निगा खर्चिक असते. प्राणिगृहातील हवा सामान्यतः तासाला १० ते १५ वेळा बदलली जाते. बाहेरची हवा गाळून, थंड किंवा उबदार करून आत घेण्यास पुष्कळ वीज लागते. पिंजरे धुण्यासाठी गरम पाणी आणि निर्जंतुक करण्यासाठी वाफ लागते.

यात काटकसर करणे म्हणजे हेळसांड नव्हे. उंदीर आपला परिसर गंधावरून ओळखतो. पिंजरा वारंवार बदलला, की ओळखीचा गंध नाहीसा होतो आणि एकत्र राहणारे नर भांडू लागतात. उलट, फार उशीर झाल्यास मूत्रातील युरियापासून जिवाणूंमुळे अमोनिया तयार होतो व श्वसनमार्गाला इजा पोहोचते. म्हणून केवळ ठरलेला वार न पाहता भुशाचा ओलावा, वास आणि उंदरांची संख्या पाहून पिंजरा बदलणे हितावह ठरते. प्रत्येक पिंजऱ्यास स्वतंत्र हवा पुरवणाऱ्या मांडणीत भुसा अधिक काळ कोरडा राहतो. त्यामुळे पाणी, वीज व श्रम वाचतात. जुन्या घरट्याचा कोरडा भाग नव्या पिंजऱ्यात ठेवल्यास भांडणेही कमी होतात.

उबेचेही तसेच आहे. माणसाला सुखद वाटणारे २२ अंश सेल्सिअस तापमान उंदराला थंड वाटते. विश्रांतीच्या वेळी त्याला सुमारे ३० अंशांची ऊब मानवते. कागदाच्या पट्ट्या दिल्या, की तो घरटे बांधून ही ऊब स्वतःच मिळवतो. त्यासाठी संपूर्ण खोली तापवावी लागत नाही.

१९५९ मध्ये विल्यम रसेल व रेक्स बर्च या ब्रिटिश शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वे मांडली : शक्य तेथे प्राण्यांऐवजी पर्याय वापरावा, प्राण्यांची संख्या घटवावी आणि त्यांचे क्लेश कमी करावेत. भारतातही १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने प्राण्यांवरील प्रयोगांच्या नियंत्रणासाठी समितीची तरतूद केली.

गारठलेल्या, भ्यालेल्या उंदरापासून मिळालेली माहिती फसवी ठरू शकते. मग प्रयोग पुन्हा करावा लागतो आणि आणखी उंदरांचे जीव खर्ची पडतात. खरी बचत निगा कमी करण्यात नाही. ती उंदराची गरज ओळखण्यात आहे.