देखरेखीखालील सेवनकक्ष आणि आरोग्य : मीरा-भाईंदरच्या निमित्ताने

पश्चिम रेल्वेने मुंबई सोडताना दहिसरनंतर मीरा रोड व भाईंदर ही स्थानके लागतात. २०११ च्या जनगणनेत या नगराची लोकसंख्या ८,०९,३७८ होती. महानगराच्या कडेस इतक्या वेगाने वाढलेल्या वस्तीत गर्दाचा प्रश्नही येणारच, याचे नवल वाटावयास नको. गर्द टोचून घेणारा मनुष्य आडोसा शोधतो. पोलिसांच्या व शेजाऱ्यांच्या नजरेआड, अपुऱ्या उजेडात, घाईघाईने तो शीर चाचपडतो. त्याच्या प्रकृतीची हानी जितकी गर्दाने होते, तितकीच बहुधा या आडोशाने होते. हे दुसरे कारण दूर करता येईल काय, या प्रश्नातून काही देशांत ‘देखरेखीखालील सेवनकक्ष’ ही संस्था जन्मास आली. तिचे आरोग्यावरील परिणाम प्रस्तुत लेखात पाहावयाचे आहेत.

असा पहिला कक्ष १९८६ साली स्वित्झर्लंडमधील बर्न येथे निघाला. त्याच वर्षी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू झाले. दोहोंच्या वाटा भिन्न. मुक्तांगणात व्यसन सोडण्यासाठी जावयाचे. सेवनकक्षात ज्याचे व्यसन अद्याप सुटलेले नाही तो येतो. मादक द्रव्य तो स्वतःच आणतो, कक्षाकडून ते मिळत नाही. कक्षात त्यास निर्जंतुक सुई, स्वच्छ पाणी, उजेड आणि पुरेसा अवकाश मिळतो, व जवळ परिचारिका असते.

तिचे असणे हाच या व्यवस्थेचा गाभा होय. अफूवर्गीय द्रव्याची अतिमात्रा झाली म्हणजे मेंदूतील श्वसनकेंद्र मंदावते. श्वास उथळ होतो, ओठ निळे पडतात, आणि काही मिनिटांत मेंदूस प्राणवायूची वाण पडू लागते. सोबत कोणी असेल तर हा मृत्यू टाळता येतो. एकट्या मनुष्यास स्वतःस वाचविता येत नाही, कारण शुद्ध आधी हरपते. परिचारिका प्रथम श्वास चालू ठेवते, प्राणवायू देते आणि गरज पडल्यास नॅलॉक्सोन टोचते. नॅलॉक्सोनचा परिणाम मूळ द्रव्याआधीच ओसरू शकतो, म्हणून शुद्धीवर आल्यानंतरही रोग्यास काही काळ नजरेखाली ठेवणे अगत्याचे असते.

सिडनीतील केंद्र २००१ साली उघडले. तेथे दहा लाखांहून अधिक वेळा इंजेक्शने घेतली गेली, परंतु केंद्राच्या आत अतिमात्रेने एकही मृत्यू झालेला नाही. व्हँकूव्हर येथील ‘इनसाइट’ २००३ साली सुरू झाले. ‘लॅन्सेट’ नियतकालिकात २०११ साली आलेल्या अभ्यासानुसार, त्याच्या ५०० मीटर परिसरात अतिमात्रेचे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटले. उर्वरित शहरातील घट ९.३ टक्के होती. तेथे नित्य येणाऱ्यांत सुया वाटून घेण्याचे प्रमाणही कमी आढळले. या शेवटच्या गोष्टीचे मोल आपल्याकडे विशेष आहे. २०१४-१५ च्या राष्ट्रीय पाहणीत इंजेक्शनने मादक द्रव्ये घेणाऱ्यांत एचआयव्हीचे प्रमाण ९.९ टक्के आढळले, तेव्हा देशातील प्रौढांत ते सुमारे ०.२६ टक्के होते. हेपॅटायटिस-सीचा विषाणू तर वापरलेल्या सिरिंजमध्ये कित्येक आठवडे जिवंत राहू शकतो. याखेरीज अस्वच्छ टोचणीने होणारी गळवे आणि हृदयाच्या झडपांचा जंतुसंसर्ग यांची दखल आकडेवारीत क्वचितच घेतली जाते. परंतु रोग्यास प्रथम दवाखान्याची पायरी चढावयास लावतात ती बहुधा ही गळवेच.

मात्र पुराव्याच्या मर्यादाही मांडल्या पाहिजेत. २०१४ च्या एका समीक्षेत ७५ निबंध तपासले गेले. त्यांतील बहुतेक सिडनी व व्हँकूव्हर या दोनच शहरांतील होते. एखाद्या नगरातील एकंदर इंजेक्शनांपैकी अल्पांशच कक्षात घेतली जातात, म्हणून साऱ्या शहराच्या एचआयव्ही-प्रसारावरील परिणाम सिद्ध करणे कठीण जाते. २०१८ साली प्रसिद्ध झालेले एक प्रतिकूल संकलित विश्लेषण पद्धतीतील चुकीमुळे मागे घेण्यात आले. आपणास सोयीच्या निष्कर्षाचीही तितकीच कठोर तपासणी संशोधकांनी करावी, एवढे त्यावरून आम्हांस वाटते.

भारतात असा कक्ष कोठेही नाही. १९८५ च्या मादक द्रव्य कायद्यानुसार कलम २७ अन्वये सेवन हा गुन्हा आहे, आणि कलम २५ अन्वये जाणूनबुजून त्यास जागा देणेही. याउलट २०१७ च्या एचआयव्ही कायद्याने, जो १० सप्टेंबर २०१८ पासून अमलात आहे, सुयांची अदलाबदल करणाऱ्यांस स्पष्ट संरक्षण दिले. म्हणजे स्वच्छ सुई देणारा निर्धास्त. ती वापरावयास छप्पर देणारा मात्र अपराधी.

परंतु परिचारिकेच्या नजरेखाली मात्रा घेण्याची कल्पना आपणास अगदी परकी नाही. शासकीय ओएसटी केंद्रांत ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज कर्मचाऱ्यासमोर जिभेखाली ठेवली जाते आणि ती विरघळेपर्यंत रोगी तेथेच बसतो. द्रव्य बदलले, सुई गेली. रोजची भेट आणि ओळखीचा चेहरा हे घटक तेच. मुंबईच्या उपनगरांपुरता विचार केल्यास, रोज गाडीभाडे खर्चून दूर जावे लागले तर रोगी टिकत नाही, आणि मध्येच सोडलेला उपचार धोक्याचा ठरतो. उपचार वा कारावास यांच्या खंडानंतर शरीराची सवय मोडलेली असते. अशा वेळी जुन्याच मात्रेने जीव जाऊ शकतो.

एक अडचण उरते. मेफेड्रोन, ज्यास लोक एमडी म्हणतात, २०१५ साली मादक द्रव्य कायद्याच्या कक्षेत आले. ते उत्तेजक आहे. त्यावर नॅलॉक्सोन चालत नाही व ब्युप्रेनॉर्फिनसारखा पर्यायी उपचारही नाही. तेथे सुई, शीर आणि शरीराचे तापमान यांवर लक्ष ठेवणे एवढेच परिचारिकेच्या हाती राहते. गर्दावरून काढलेले निष्कर्ष या द्रव्यास जसेच्या तसे लागू करता येणार नाहीत. म्हणून मीरा-भाईंदरसारख्या नगरात कोणी पाहणी हाती घेतलीच, तर कोण काय टोचतो, आणि एकटा टोचतो की सोबतीने, हे प्रथम विचारावे लागेल.