कुष्ठरोग, पेशी आणि शिवाशिव

दलित चळवळीतल्या माणसाला शिवाशिवीविषयी नव्याने काही सांगण्याची गरज नाही. परंतु शिवाशिवीचा एक प्रकार आपल्या वस्त्यांतही पाळला जातो आणि आपल्या सभांतून त्यावर क्वचितच बोलले जाते. ती म्हणजे कुष्ठरोग्याची शिवाशिव. ज्या घराने पाणवठ्यावरचा अपमान पिढ्यान्‌पिढ्या सोसला, त्या घरातही रक्तपिती झालेल्या माणसाचे ताट वेगळे पडते, त्याचे अंथरूण पडवीत जाते, त्याच्या बहिणीचे लग्न अडते. या वागण्यामागे तीन समजुती आहेत. हा रोग पापाचे फळ आहे, तो रक्तातून वंशात उतरतो आणि नुसत्या स्पर्शाने लागतो. पूर्वकर्म, जन्म आणि विटाळ याच तीन खांबांवर जातिव्यवस्थाही उभी आहे, हे वाचकांच्या ध्यानात आलेच असेल.

म्हणून या रोगात शरीराच्या आत, पेशीच्या पातळीवर काय घडते, हे कार्यकर्त्यांनी समजून घ्यावे असे मला वाटते. मी पनवेल तालुक्यातल्या एका महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवतो. याच तालुक्यात नेरे गावाजवळ कुष्ठरोग निवारण समितीचे शांतिवन आहे, आणि खारघरला टाटा स्मारक केंद्राची ‘ॲक्ट्रेक’ ही कर्करोग संशोधनाची संस्था आहे. या दुसऱ्या संस्थेचाही कुष्ठरोगाशी जुना संबंध आहे. त्याविषयी पुढे येईल.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात कोणत्या कुळांशी सोयरीक करू नये याची यादी आहे. तीत कोड आणि कुष्ठ असलेली कुळे आहेत. अकराव्या अध्यायात वस्त्रे चोरणाऱ्याला पांढरे कोड होते असे सांगितले आहे. रोगाचे कारण एकदा कुळात शोधले, एकदा पापात. कोड हा तर निराळाच विकार आहे. तो जंतूमुळे होत नाही आणि लागतही नाही. २५ डिसेंबर १९२७ रोजी आमच्याच जिल्ह्यात, महाडला, हा ग्रंथ जाळला गेला. त्यातली ही समजूत मात्र घराघरांत शाबूत राहिली.

ही समजूत एकट्या आपल्या देशाची नव्हती. नॉर्वेत डॅनियलसनसारखे नामांकित वैद्यही कुष्ठरोग आनुवंशिक मानत. १८७३ साली त्याच देशात, बर्गेन येथे, हॅन्सनला रुग्णांच्या गाठींत काडीसारखे जिवाणू दिसले. कुळ आणि कर्म यांच्या जागी एक सूक्ष्म जीव आला. मात्यापित्यांना रोग असला तरी मूल निरोगी जन्मते. प्रतिकारशक्तीतला थोडाफार फरक आनुवंशिक असू शकतो, परंतु जिवाणूवाचून हा रोग होत नाही.

हा जिवाणू क्षयाच्या जिवाणूचा भाऊबंद आहे, पण अत्यंत संथ. आतड्यातले काही जिवाणू वीस मिनिटांत दुप्पट होतात. याला सुमारे बारा ते चौदा दिवस लागतात. म्हणून लागण झाल्यावर रोग दिसायला सरासरी पाच वर्षे, कधी वीस वर्षेही जातात. २००१ साली त्याच्या जनुकांचा संपूर्ण आराखडा प्रसिद्ध झाला, तेव्हा त्याची अकराशेहून अधिक जनुके निकामी झालेली आढळली. स्वतंत्र जगण्याची साधने हरवल्याने त्याला दुसऱ्याच्या पेशीत राहावे लागते. प्रयोगशाळेच्या बशीत तो आजवर वाढवता आलेला नाही.

तो राहतो मुख्यतः दोन प्रकारच्या पेशींत. एक, जंतू गिळणाऱ्या भक्षक पेशी. दुसऱ्या, मज्जातंतूंना वेटोळे घालून त्यांचे रक्षण आणि पोषण करणाऱ्या श्वॉन पेशी. या पेशींच्या भोवती लॅमिनिन नावाच्या प्रथिनाचे अस्तर असते. जिवाणूच्या आवरणातला एक विशिष्ट मेदयुक्त रेणू या अस्तराला चिकटतो आणि जिवाणूला आत वाट मिळते, असे १९९० नंतरच्या संशोधनातून उलगडत गेले. त्याला थंडावा मानवतो. त्यामुळे नाक, कानाची पाळी, त्वचा आणि त्वचेलगतचे मज्जातंतू या शरीराच्या गार जागी तो वाढतो.

पुढे काय होणार हे पुष्कळसे आपल्या शरीराच्या प्रतिसादावर ठरते. शंभरातल्या पंचाण्णवांहून अधिक माणसांना लागण होऊनही रोग होत नाही. ज्यांना होतो, त्यांच्यातल्या काहींच्या टी-पेशी जोरकस लढतात; जिवाणू थोडे राहतात, एकदोन बधिर चट्टे उठतात. परंतु या लढाईच्या सुजेतच मज्जातंतू चिरडला जातो. काहींच्या टी-पेशी या जिवाणूपुरत्या गप्प राहतात. मग भक्षक पेशी जिवाणूंनी भरून जातात आणि गाठी उठतात. उपचार चालू असतानाही कधी एकाएकी मज्जातंतू सुजतो. आरोग्यसेवक याला ‘रिॲक्शन’ म्हणतात. अशा वेळी तातडीने प्रेडनिसोलोन दिल्यास तो वाचू शकतो.

आता बोटे झडण्याविषयी. जिवाणू बोटे खात नाही आणि बोटे सडून गळतही नाहीत. कोपराजवळचा मज्जातंतू निकामी झाला की करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट वाकते. गुडघ्याजवळचा गेला की पाऊल लोंबते. आणि संवेदना गेली की वेदना जाते. वेदना ही शरीराची राखणदार आहे. चुलीवरचे भांडे हाताने उतरवणाऱ्या बाईला चटका कळत नाही. वीटभट्टीवर अनवाणी राबणाऱ्याला पायातली काच कळत नाही. जखम चिघळते, हाडापर्यंत जाते, हाड झिजते. बैठे काम करणाऱ्याला आणि पायात वहाण असणाऱ्याला जे टाळता येते, ते हातापायांवर पोट असणाऱ्याच्या वाट्याला येते. दाटीची घरे आणि अपुरे अन्न असते तिथे रोगही अधिक आढळतो. जिवाणू जात ओळखत नाही, परंतु घर, अन्न आणि काम यांची वाटणी जातीने केलेली आहे.

विटाळाची समजूतही टिकत नाही. उपचार न घेतलेल्या रुग्णाच्या नाकातोंडातल्या तुषारांतून, तेही दीर्घ आणि निकटच्या सहवासात, रोग पसरतो. हात मिळवल्याने, पंगतीला बसल्याने पसरत नाही. उपचार सुरू झाले की रुग्णापासून लागण होण्याचा धोका लवकरच संपतो.

या ज्ञानात मुंबईचा वाटा आहे. १९५२ साली परळला स्थापन झालेल्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्राचे पहिले संचालक डॉ. वसंत खानोलकर यांनी सुरुवातीच्या चट्ट्यांचा आणि त्यातल्या मज्जातंतूंचा सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास केला. तिथेच १९५८ साली डॉ. कमल रणदिवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रुग्णांच्या गाठींतून ‘आयसीआरसी’ हा जिवाणू वेगळा केला. तो खुद्द कुष्ठरोगाचा नव्हे, त्याच्या दूरच्या नात्यातला निघाला. पण त्यापासून डॉ. माधव देव यांनी लस तयार केली. १९९८ साली प्रसिद्ध झालेल्या दक्षिण भारतातल्या चाचणीत तिने सुमारे ६५ टक्के संरक्षण दिले. ती सर्वत्र वापरात मात्र आली नाही. हीच संस्था पुढे २००२ साली खारघरला आली.

१९८१ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या तज्ज्ञांनी एकत्रित औषधांची शिफारस केली. जिवाणू थोडे असतील तर सहा महिने, पुष्कळ असतील तर बारा महिने. औषधे सरकारी दवाखान्यात फुकट मिळतात. डिसेंबर २००५ मध्ये देशात दहा हजारांमागे एकाहून कमी रुग्ण उरले आणि ‘निर्मूलन’ झाल्याचे जाहीर झाले. तरीही जगातल्या नव्या रुग्णांपैकी निम्म्याहून अधिक आजही भारतातच सापडतात. १८९८ चा लेपर्स ॲक्ट २०१६ साली रद्द झाला. कुष्ठरोग हे घटस्फोटाचे कारण म्हणून कायद्यातून जायला २०१९ साल उजाडले.

औषध जिवाणू मारते, पण मेलेला मज्जातंतू परत आणत नाही. सारा प्रश्न वेळेचा आहे, आणि ही वेळ लाज खाते. चट्टा दिसला तरी माणूस वर्षभर सदऱ्याखाली झाकतो, कारण दवाखान्यापेक्षा त्याला शेजाऱ्याच्या नजरेची भीती अधिक असते. म्हणून शिवाशिव हा या रोगाचा नंतरचा सामाजिक परिणाम आहे, एवढेच म्हणून भागत नाही. माणसाला अपंग करणाऱ्या कारणांच्या साखळीतला तो एक दुवा आहे. जिवाणू, श्वॉन पेशी आणि टी-पेशी यांच्याइतकाच खरा. पहिल्या तिघांवर शास्त्रज्ञ काम करीत आहेत. चौथ्यावर काम करणे हे आपले आहे, कारण शिवाशिवीशी लढण्याचा अनुभव आपल्याजवळ आहे.

त्यासाठी दयेची भाषा सोडावी लागेल. रुग्णाला उपचाराचा, कामाचा आणि पंगतीत बसण्याचा हक्क आहे, असे बोलावे लागेल. १४ एप्रिलच्या कार्यक्रमात, वसतिगृहात, विहारात दहा मिनिटे या विषयाला द्यावीत. फिकट किंवा तांबूस चट्टा, जो खाजत नाही, दुखत नाही आणि कापसाच्या बोळ्याचा स्पर्श जिथे कळत नाही, तो दिसला तर त्या माणसाला त्याच आठवड्यात प्राथमिक आरोग्य केंद्रात न्यावे. एकट्याला पाठवू नये, सोबत जावे.